शिट्टी आणि बाकावरचे सर

एके काळी बास्केटबॉलच्या कोचला सामना चालू असताना तोंड उघडायलाच बंदी होती. अमेरिकेतल्या नियमपुस्तकात १९१० साली तसं कलमच आलं: मैदानाबाहेरून कोणीही खेळाडूंना सूचना द्यायच्या नाहीत; पहिल्या वेळी ताकीद, त्यानंतर प्रत्येक वेळी समोरच्या संघाला एक फ्री थ्रो. टाइम आउट घेतला तरी खेळाडू मैदानातच गोळा होऊन आपसात काय ते ठरवत आणि कोच बाकावर बसून बघत राही. टाइम आउटमध्ये मुलांशी बोलायची मुभा कोचला मिळाली ती थेट १९४८-४९ च्या हंगामात. खेळाचा जनक जेम्स नेस्मिथ याला तर या खेळाला कोच लागतो हेच पटत नव्हतं. त्याचा शिष्य फॉग ॲलन कोचची नोकरी धरायला निघाला तेव्हा नेस्मिथनं त्याला हसण्यावारी नेलं, अशी गोष्ट सांगतात. गंमत म्हणजे कॅन्सस विद्यापीठाच्या संघाचा पहिला कोच खुद्द नेस्मिथच होता. ५५ विजय, ६० पराभव. त्या विद्यापीठाच्या कोचांमध्ये पराभवाचं पारडं जड असलेला तो एकटाच.

पंच मात्र पहिल्या दिवसापासून होते. डिसेंबर १८९१ मध्ये नेस्मिथनं भिंतीवर लावलेल्या १३ नियमांमध्ये दोन पंचांची कामं वाटून दिली होती. एकानं माणसांकडे बघायचं आणि फाउल मोजायचे, दुसऱ्यानं चेंडूकडे आणि घड्याळाकडे. कोच हा शब्द त्या १३ नियमांत कुठेच नाही. म्हणजे कोच हा या घरात मागाहून आलेला पाहुणा. आज मात्र ओसरी त्याच्या ताब्यात आहे आणि घरमालकालाच तो विचारतोय, ‘तुम्ही कोण?’

आता हे सगळं वाशीम जिल्ह्यात आणून ठेवू. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा: वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा. इथं पोराच्या पायाला माती लागते ती कबड्डी-खोखोची. बास्केटबॉल हा शाळेच्या आवारात सिमेंटचा चौकोन आणि दोन खांब असतील तिथला खेळ. शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत तो आहे, १४, १७ आणि १९ वर्षांखालील मुलं-मुली असे गट आहेत, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय स्पर्धा लावतं. जिल्ह्यात जिंकलेला संघ अमरावती विभागाला जातो. तिथं अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा यांच्याशी गाठ, आणि तिथून पुढे राज्य.

मोठ्या शहरातल्या पंचगिरीवरची पुस्तकं इथं अर्धीच उपयोगी पडतात, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. शहरातला पंच आणि कोच सामन्यापुरते भेटतात. लहान जिल्ह्यात दोघे एकाच बिरादरीतले. दोघेही क्रीडा शिक्षक, कदाचित अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या महाविद्यालयातून मागेपुढे बी.पी.एड. झालेले. सकाळच्या सामन्यात जो शिट्टी वाजवतो तो दुपारी आपल्या शाळेचा संघ घेऊन बाकावर बसतो, आणि सकाळी ज्याच्याविरुद्ध निर्णय दिला तोच दुपारी शिट्टी घेऊन उभा. पुढच्या आठवड्यात दोघं कबड्डीच्या मैदानावर, त्यानंतर निवडणुकीच्या कामावर. अशा ठिकाणी ‘पंचाचा निर्णय अंतिम’ हे वाक्य कागदावर खरं असतं, पण निर्णयानंतरचं वर्ष लांब असतं. म्हणून इथल्या पंचाला दोन चुका अगदी सहज होतात. ओळखीच्या सरांना दुखवायला नको म्हणून तो शिट्टी गिळतो. किंवा आपण ओळखीला भुलत नाही हे दाखवण्यासाठी ओळखीच्याच बाकावर जास्त कडक होतो. दुसरी चूक प्रामाणिकपणासारखी दिसते, पण तोलाचा काटा तिथंही हललेलाच असतो.

कोच का भडकतो, हे आधी बघू. शालेय स्पर्धा बाद पद्धतीनं होतात. एक सामना हरला की वर्ष संपलं. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, आणि दोन्हीकडे कुठल्या पातळीपर्यंत पोचलात याला किंमत आहे. पालकांना हे पाठ असतं. मुख्याध्यापकांना निकाल हवा असतो. तालुक्याहून पोरांना एसटीनं घेऊन आलेला, नाश्त्याचा खर्च कधीमधी खिशातून केलेला, चार खेळांचे संघ एकटाच सांभाळणारा माणूस चाळीस मिनिटांत वर्षाचा हिशेब हातातून निसटताना बघत असतो. त्याच्या ओरडण्याला हे समर्थन नाही. पण पंचानं एवढं ओळखलं की ‘हा माझ्यावर ओरडतोय’ हा काटा बराचसा बोथट होतो. बहुतेक वेळा तो पंचाच्या दिशेनं ओरडत असतो, पंचावर नव्हे.

दुसरं कारण जास्त साधं आहे, आणि माझ्या मते जास्त मोठं: नियम बदलले आणि कोचला कोणी सांगितलंच नाही. बास्केटबॉलचे नियम फिबा ही जागतिक संघटना ठरवते आणि दर काही वर्षांनी त्यात फेरफार करते. ‘ट्रॅव्हल! ट्रॅव्हल!’ अशी आरोळी प्रत्येक सामन्यात उठते ती बघा. २०१७ पासून पळता पळता चेंडू हातात घेणाऱ्या खेळाडूचा, चेंडू ताब्यात येतानाचा पाय धरत नाहीत. त्यानंतरची दोन पावलं मोजतात. वीस वर्षांपूर्वी शिकलेल्या सरांच्या डोळ्याला ती सरळ तीन पावलं दिसतात. सर प्रामाणिक आहेत, पंचही बरोबर आहे, आणि भांडण मात्र खरं आहे.

तसंच अंगाला अंग लागण्याचं. प्रेक्षकांना वाटतं, धक्का लागला की फाउल, आणि जो पडला तो बिचारा. नियमाची रीत वेगळी आहे. प्रत्येक खेळाडूभोवती एक अदृश्य नळकांडं कल्पिलेलं आहे: समोर हाताच्या तळव्यापर्यंत, मागे नितंबापर्यंत, बाजूला हातापायांच्या कडेपर्यंत. बचाव करणारी मुलगी आधी येऊन आपल्या नळकांड्यात उभी असेल, हात सरळ वर असतील, ती जागच्या जागी सरळ उडी मारत असेल, तर वरची हवाही तिचीच. चेंडू घेऊन येणारी तिच्यावर आदळून पडली तर फाउल झालाच तर आदळणारीचा. यासाठी पंचांना शिकवतात की चेंडूकडे टक लावू नका, बचाव करणाऱ्याकडे बघा. तो नियमात उभा आहे की नाही एवढं कळलं की अर्धा निर्णय झाला. कोच मात्र आपल्या चेंडूवाल्या खेळाडूकडे बघत असतो. एकाच क्षणी दोघांनी दोन वेगळी माणसं पाहिलेली असतात, आणि मग ‘सर, तुम्ही पाहिलंच नाही!’ हे वाक्य येतं. पाहिलेलं असतं, दुसरीकडे.

या नियमांच्याही वर एक तत्त्व आहे आणि शालेय सामन्यात तेच सगळ्यात अवघड जातं. किरकोळ स्पर्शानं कोणाचा फायदा झाला नाही, कोणाचं नुकसान झालं नाही, तर शिट्टी वाजवून खेळ तोडू नका, असं नियमपुस्तिका सांगते. खेळाडू काय करायचा प्रयत्न करताहेत याची जाण पंचाला हवी, असंही म्हणते. चौदा वर्षांखालच्या मुलींच्या सामन्यात हे लावून बघा. रिंग ३.०५ मीटर उंच, मोठ्यांची असते तेवढीच. कोर्ट २८ मीटर लांब. निम्म्या मुलींनी चेंडू गेल्या पावसाळ्यात पहिल्यांदा हातात घेतलेला. प्रत्येक चुकीला शिट्टी दिली तर सामना शिट्ट्यांचाच होईल. सोडून दिलं तर ज्या शाळेनं वर्षभर घासून पावलं शिकवली तिच्यावर अन्याय. तयारीच्या संघाचा कोच कडक पंच मागतो, नवख्या संघाचा कोच सांभाळून घेणारा. दोघांनाही आपण न्यायच मागतोय असं वाटतं. पंचाच्या हातात उपाय एकच: सुरुवातीच्या पाच मिनिटांत जी रेघ आखली ती शेवटच्या मिनिटापर्यंत, दोन्ही टोकांना, तीच ठेवायची. कोच कडक पंचाशी जुळवून घेतो, ढिल्याशीही घेतो. बदलणाऱ्या पंचाशी त्याला जुळवून घेता येत नाही, आणि तिथं तो भडकला तर मी त्याच्या बाजूचा आहे.

टाइम आउटचं भांडण तर निव्वळ अज्ञानाचं. कोच बाकाजवळून पंचाकडे बघून दोन्ही हातांचा ‘टी’ करतो, ओरडतो, पंच दुर्लक्ष करून पळत राहतो, तेवढ्यात समोरचा संघ बास्केट करतो आणि ठिणगी पडते. नियम असा की टाइम आउट पंचाकडे मागायचाच नसतो. मुख्य किंवा पहिल्या सहायक कोचनं गुणलेखकाशी नजरानजर करून किंवा स्वतः त्याच्या टेबलापाशी जाऊन मागायचा, आणि संधी आली की टेबलावरून पंचाला खूण होते. पहिल्या अर्धात दोन, दुसऱ्यात तीन, एवढेच मिळतात. सामन्याआधी ही दोन वाक्यं दोन्ही कोचना सांगून ठेवली तर दुपारची निम्मी डोकेदुखी सकाळीच जाते. आणखी एक मजा: टेक्निकल फाउलची, म्हणजे गैरवागणुकीच्या फाउलची खूणही ‘टी’च असते, फरक एवढाच की तिथं उघडा तळवा दाखवतात आणि टाइम आउटला बोट.

म्हणून हाताळणीची सुरुवात तंट्याच्या वेळी होत नाही, वीस मिनिटं आधी होते. नियमानं पंचाचा अधिकार सुरू होतो तो सामन्याच्या वेळेआधी वीस मिनिटं मैदानावर आल्यापासून. तेवढ्यात दोन्ही बाकांवर जाऊन नमस्कार, नाव, आणि चार स्पष्ट गोष्टी: कोर्टाची कुठली कड ओली आहे, २४ सेकंदांचं घड्याळ नसेल तर काय करणार, टाइम आउट कुठं मागायचा, शंका असेल तर कधी विचारायची. दोन्ही बाकांवर सारखाच वेळ द्यायचा. एका बाकावर चहा आणि गप्पा, दुसऱ्यावर नुसती मान हलवणं, हे समोरच्याच्या नजरेतून सुटत नाही. लहान जिल्ह्यात तर अजिबातच नाही.

ओल्या कोर्टाचं मी उगाच म्हणालो नाही. शालेय स्पर्धा आपल्याकडे पावसाळ्यात सुरू होतात आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांपर्यंत चालतात. सिमेंटवर शेवाळ, खेळाडूच्या पायात घासलेले बूट, काहींच्या पायात तेही नाहीत. अशा कोर्टावर जोरात पळणारी मुलगी घसरून समोरचीवर गेली तर तो फाउल असतो, पण दांडगाई नसते, आणि पंचानं तो कोणत्या आवाजात दिला यावर बाक शांत राहणार की उठणार हे ठरतं. कोणाला हे मागासलेपण वाटत असेल तर आठवण म्हणून सांगतो: ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल पदकाचा खेळ म्हणून पहिल्यांदा आला तो १९३६ साली बर्लिनला, उघड्यावरच्या टेनिस कोर्टांवर. अंतिम सामन्याला पाऊस कोसळला, चिखलात चेंडू उसळेना, आणि अमेरिकेनं कॅनडाला १९-८ असं हरवलं. दोन्ही संघांचे मिळून २७ गुण. त्याच बर्लिनला त्याच वर्षी अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवायला गेलं होतं.

आता प्रत्यक्ष बोलाचाली. बाकावरून येणारा प्रत्येक आवाज सारखा नसतो, आणि वेगवेगळ्या आवाजाला एकच उत्तर देणारा पंच फसतो. ‘सर, कोणाचा फाउल होता तो?’ हा प्रश्न आहे. त्याला खेळ थांबलेला असताना, एका वाक्यात, नियमाच्या शब्दात उत्तर द्यावं: ‘सात नंबर, हात अडवला.’ व्याख्यान नको. ‘काहून देता हो असे फाउल!’ हा प्रश्न नाही, सुस्कारा आहे. व्याकरणानं प्रश्नचिन्ह लागतं एवढंच. त्याला उत्तर देऊ नये. ऐकू आलं एवढं नजरेनं कळवलं की पुष्कळदा काम होतं. पण तोच सुस्कारा तिसऱ्या-चौथ्या वेळी, प्रत्येक शिट्टीला, हात उडवून येऊ लागला की तो सामन्याचा भाग व्हायला लागतो. खेळाडू पंचाकडे बघण्याऐवजी बाकाकडे बघू लागतात. तिथं थांबायचं. चेंडू थांबलेला असताना चार पावलं जवळ जाऊन, हळू आवाजात: ‘सर, ऐकलं मी. आता पुरे.’ ही ताकीद. दोन्ही हात मागे किंवा बाजूला, बोट उगारायचं नाही. मैदानाच्या मध्यावरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं दटावलं तर सरांना आपल्या विद्यार्थ्यांपुढे माघार घेता येत नाही. मान राखला तर माणूस मागे येतो. चारचौघांत काढला तर पुढेच येतो.

आणि तिसरा आवाज: ‘पंच विकला गेलाय’, ‘त्या शाळेचं खाऊन आलाय’. इथं प्रश्नही नाही, सुस्काराही नाही. नियमपुस्तिका ताकीद न जुमानण्याला आणि पंचांशी, टेबलावरच्या लोकांशी किंवा समोरच्या संघाशी अनादरानं वागण्याला टेक्निकल फाउल ठेवते; हेतूवरच बोट ठेवलं तर आधीच्या ताकिदीची वाट बघायची गरज नाही. शिक्षा तशी छोटी आहे: समोरच्या संघाला एक फ्री थ्रो, आणि खेळ जिथं थांबला तिथून पुढे. कोचवरचा टेक्निकल संघाच्या फाउलमध्येही धरत नाहीत. स्वतःच्या वागणुकीसाठी असे दोन लागले की कोचनं मैदान सोडायचं. बाकावरच्या इतरांच्या वागण्याचे धरून तीन झाले तरी तेच. इतकी साधी तरतूद, तरी आपल्याकडे ती वापरायला पंच बिचकतात आणि शेवटी वापरतात तेव्हा रागानं वापरतात. वाजवायची असेल तर ती पावलांच्या चुकीला वाजवतो तितक्याच सपाटपणे वाजवावी. खूण करायची, टेबलाला सांगायचं, पाठ फिरवून पुढच्या कामाला लागायचं. टेक्निकल देऊन बाकासमोर उभं राहणारा पंच दुसरा टेक्निकल स्वतःच ओढवून घेत असतो.

टीव्हीनं यात भर घातली आहे. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाचा कोच बॉब नाइट यानं २३ फेब्रुवारी १९८५ च्या सामन्यात चिडून प्लॅस्टिकची खुर्ची कोर्टावर भिरकावली. तीन टेक्निकल, मैदानाबाहेर, वर एका सामन्याची बंदी. ती चित्रफीत चाळीस वर्षं फिरते आहे आणि बघणाऱ्याला त्यात बाणेदारपणा दिसतो. त्यानंतरचे फ्री थ्रो कोणी बघत नाही. मोठ्या संघाच्या कोचला भडकणं परवडतं, कदाचित तो ते ठरवूनही करतो. बाकावर बारा-तेरा वर्षांची पोरं घेऊन बसलेल्या शिक्षकानं त्याची नक्कल केली की पोरं दोन दिवसांत तोच आवाज काढायला शिकतात.

प्रेक्षकांच्या गोंगाटाबद्दल पंच म्हणतात, ‘आम्हाला काही ऐकू येत नाही.’ येतं. इंग्लंडमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४० फुटबॉल पंचांना एकाच सामन्यातल्या झटापटी दाखवल्या, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्या पंचांनी यजमान संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी फाउल दिले. हे शिकलेसवरलेले पंच, तेही आरामात खुर्चीत बसून. मग यजमान शाळेच्या मैदानावर, चारही बाजूंनी त्याच शाळेची मुलं उभी असताना, पाहुण्या संघाच्या कोचला पक्षपात जाणवला तर त्याला खोटारडा म्हणता येणार नाही. त्याचा निष्कर्ष चुकीचा असेल, पण त्याची शंका अगदीच बिनबुडाची नसते. शहाणा पंच स्वतःवरच ही शंका घेतो. आणि आयोजकांना जमेल तितकं, यजमान शाळेच्या सामन्याला त्याच शाळेचा पंच नको. कोणाला काही सांगायची गरज न पडता निम्मी तोंडं बंद होतात.

सोबतचा पंच विसरून चालत नाही. शालेय सामन्याला बहुतेक दोन पंच असतात. एक चेंडूच्या पुढे रिंगखाली, दुसरा मागे. चलाख कोच दोघांत फट शोधतो. एकाला म्हणतो, ‘तुमचं बरोबर असतं, त्या सरांना सांगा.’ यावर हसून मान हलवली की आपण आपल्याच जोडीदाराचा निकाल लावला. आणि तरुण जोडीदार, नुकती परीक्षा पास झालेली एखादी मुलगी असेल, तर बाकाचा सगळा मारा तिच्यावर येतो, कारण तिथं भिंत कच्ची आहे असं कोचला वाटतं. महाराष्ट्राच्या स्नेहल बेंडके फिबाच्या परवानाधारक आंतरराष्ट्रीय पंच झाल्या. त्या वाटेवरचा पहिला टप्पा प्रत्येकीसाठी असाच कुठला तरी शालेय सामना असतो. तिथं ज्येष्ठ पंचानं मधे पडायचं ते तिचा निर्णय बदलायला नाही, कोचला तिच्यापासून दूर ठेवायला. अमेरिकेत पंचांच्या संघटनेनं २०१७ मध्ये १७ हजारांहून अधिक पंचांना विचारलं की खिलाडूवृत्ती सगळ्यात जास्त कोण बिघडवतं. जवळपास ४० टक्क्यांनी पालकांकडे बोट दाखवलं, ३० टक्क्यांच्या आसपास लोकांनी कोचांकडे. खेळाडू बरेच खाली होते. तिथं शिव्या खाऊन पंच हजारोंनी काम सोडताहेत आणि शाळांचे सामने पंचांअभावी पुढे ढकलावे लागताहेत. आपल्याकडे मुळातच बास्केटबॉलचे नियम जाणणारे मोजके. त्यातला एक शिट्टी ठेवून घरी बसला तर पुढच्या सामन्याला कबड्डीचे पंच बोलवावे लागतात आणि मग कोचला खरीच तक्रार मिळते.

चूक झाली तर? पंचाची चूक होतेच. इथं कोच आणि पंच दोघांनाही एक फरक माहीत हवा. धक्का लागला की नाही, पाऊल सरकलं की नाही, हा डोळ्यांचा निर्णय. तो कोचच्या मागणीवरून फिरत नाही. पण चुकून जास्तीचा फ्री थ्रो दिला, द्यायचा राहून गेला, भलत्याच खेळाडूनं मारला, किंवा गुण चुकीचे दिले-काढले, तर नियमपुस्तिका ठरावीक वेळेपर्यंत दुरुस्तीची वाट ठेवते. गुणपत्रकातली लिखाणाची चूक तर मुख्य पंचाची सही होईपर्यंत सुधारता येते. कोच टेबलाकडे बोट दाखवून ‘आमचे दोन गुण लिहिले नाहीत’ म्हणत असेल तर त्याला चढा आवाज आहे म्हणून झटकू नये. चेंडू थांबला की दोन्ही पंच टेबलाशी, पत्रक तपासायचं, चूक असेल तर उघडपणे दुरुस्त करायची. आवाज वेगळा तोलायचा, तक्रार वेगळी. मी पाहिलेले चांगले पंच या एका सवयीवरून ओळखू येतात: ज्या कोचला पाच मिनिटांपूर्वी टेक्निकल दिला त्याचंच म्हणणं ऐकून ते पत्रक दुरुस्त करतात.

वयाचा वाद मात्र पंचानं अंगावर घेऊ नये. ‘हा पोरगा चौदाचा दिसते का तुम्हाले?’ हा विदर्भातल्या प्रत्येक शालेय मैदानावर ऐकू येणारा सवाल आहे, आणि तो कितीही रास्त असला तरी उत्तर शिट्टीत नाही. ते जन्मतारखेच्या दाखल्यात आणि शाळेच्या रजिस्टरात आहे आणि तपासायचं काम आयोजकांचं. पंच म्हणतो, ‘लेखी द्या, खेळ सुरू करतो.’

सामना संपला की पंचानं पत्रक तपासून सही करायची आणि निघायचं. सहीच्या आधी कोणी शिवीगाळ केली तर ती पत्रकाच्या मागच्या बाजूला नोंदवायची असते. तोंडी वादाला तिथं जागाच नाही. हरलेले सर तावातावानं येतील, पार्किंगपर्यंत सोबत चालतील. त्या वेळी नियमावर चर्चा नको, कारण त्या वेळी कोणीच नियमावर बोलत नसतो. ‘उद्या बोलू सर’ एवढंच. आणि उद्या खरंच बोलावं, चहा घेत, दोघांनी शिट्ट्या-फायली बाजूला ठेवून.

राहता राहिला निषेध. ‘आम्ही प्रोटेस्ट टाकतो’ ही धमकी प्रत्येक पंचानं ऐकलेली असते. फिबाच्या नियमात गुण किंवा वेळ मोजण्यात झालेली आणि न सुधारलेली चूक, सामना रद्द करणं किंवा बहाल करणं असले निर्णय, आणि खेळाडूची पात्रता यांवरच निषेध चालतो. फाउल होता की नव्हता यावर नाही. सामना संपल्यापासून पंधरा मिनिटांच्या आत मुख्य पंचाला सांगावं लागतं आणि गुणपत्रकावर त्यासाठी ठेवलेल्या रकान्यात सही लागते. ती सही कोचची चालत नाही. कर्णधाराची लागते. चौदा वर्षांखालच्या गटात म्हणजे तेरा वर्षांच्या मुलीची, आणि ती कशावर सही करते आहे हे तिला समजेल अशा शब्दांत कोणी तरी आधी सांगावं लागतं.